लग्नासाठी पाच आठवडे

माझ्या कादंबरीतल्या मुलीचं लग्न नाताळात लावायचं नाही, हे पहिल्या पानापासून ठरलेलं होतं. ते मी ठरवलं नव्हतं, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं 1563 साली ठरवलं होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून तीन राजांच्या सणापर्यंत थाटामाटाचं लग्न लावायचं नाही, नवरा-नवरीला विधिपूर्वक आशीर्वाद द्यायचा नाही, असा जुना दंडक त्या परिषदेनं पक्का केला. लग्नाच्या आधी लागोपाठ तीन सणावारी देवळात पुकार व्हायला हवी, लग्न धर्मगुरूसमोर आणि दोन-तीन साक्षीदारांसमोर लागायला हवं, हेही तिथंच ठरलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईच्या कोटात घडणारी 1738 सालच्या हिवाळ्यातली प्रेमकथा लिहायची, तर हा दंडक मला बाजूला सारता येत नाही. सारावासाही वाटला नाही.

त्या वर्षी आगमनकाळ 30 नोव्हेंबरला सुरू झाला. नाताळ गुरुवारी आला. तीन राजांचा सण 6 जानेवारी 1739, मंगळवार. पुढचा राखेचा बुधवार 11 फेब्रुवारीला, आणि त्या दिवसापासून उपवासकाळ, म्हणजे पुन्हा लग्नबंदी. मध्ये उरले 7 जानेवारी ते 10 फेब्रुवारी एवढेच दिवस, बरोबर पाच आठवडे. त्याच पाच आठवड्यांत उत्तरेकडे माहीम आणि तारापूर मराठ्यांनी घेतलं, आणि फेब्रुवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेचा वेढा वसईच्या कोटाभोवती आवळला गेला. पंचांग आणि इतिहास मिळून एखाद्या लेखकाला यापेक्षा आणखी काय द्यायचं? नायक-नायिकेत गैरसमज पेरावे लागत नाहीत, खलनायक उभा करावा लागत नाही. दोन माणसांचं एकमेकांवर प्रेम आहे, घरच्यांची संमती आहे आणि दिवस मात्र नाहीत.

प्रेमकथा मी डिसेंबरातच लिहिते. आमच्या वसईत तेव्हा वाड्यावाड्यांतून गोठे सजतात, संध्याकाळी पोरं गाणी घेऊन घरोघर फिरतात, कुठल्या तरी घरात फुगे तळल्याचा वास येतो. या सगळ्यात बसून अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा नाताळ लिहायचा म्हणजे आधी बरंच काही हातावेगळं करावं लागतं. ख्रिसमस ट्री जातं, इंग्लंडमध्येच त्याची चाल पडली ती एकोणिसाव्या शतकात. शुभेच्छापत्र जातं, ते 1843 चं. ‘सायलेंट नाइट’ जातं, ते 1818 सालचं. केक, लाल टोपीचा म्हातारा, दिव्यांच्या माळा, सगळं जातं. मग उरतं काय? उरतो गोठा, ज्याची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिसनं 1223 साली ग्रेचोत मांडलेल्या देखाव्यापर्यंत मागे जाते. उरतात जांभळी वस्त्रं, आणि आगमनकाळाच्या रविवारांना मुकं राहिलेलं ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र, जे मध्यरात्रीच्या मिस्सेत घंटांच्या गजरात पुन्हा उठतं. उरतो 24 तारखेचा कडक उपास. एवढं उरलं की नाताळ मला जास्त स्पष्ट दिसतो. माझ्या आधीच्या पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली तो सण हाच.

एक गोष्ट हाती लागली तेव्हा मी हरखून गेले होते. पोर्तुगालनं 1582 सालीच पोपचं नवं कॅलेंडर घेतलं; इंग्रजांनी ते घेतलं थेट 1752 साली. तोवर अकरा दिवसांचं अंतर पडलेलं. म्हणजे 1738 साली वसईत नाताळ झाला त्या दिवशी मुंबईत कंपनीच्या वखारीतल्या वहीत 14 डिसेंबर होता, आणि इंग्रजांचा नाताळ आला तो वसईच्या 5 जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी. मधलं पाणी ते केवढं! पण पाण्याच्या या टोकाला सण झाला तरी त्या टोकाला अजून व्हायचा. माझा नायक कोटाच्या गोदीतला सुतार. दारूगोळ्यासाठी मुंबईला निघालेल्या एका गलबतावर त्याला दुरुस्तीसाठी धाडतात. तो 25 तारखेला परत येऊ शकत नाही. पण वखारीतला इंग्रज त्याला सांगतो, नाताळ अजून अकरा दिवस दूर आहे. त्या अकरा दिवसांवर मी दोन प्रकरणं लिहिली. वसईच्या मुलीचा सण होऊन गेलेला, आणि ज्याच्यासाठी ती थांबलेली तो एका अशा गावात, जिथं सण अजून यायचाच आहे.

नायक सुतार का, हे वाचकाला वेगळं सांगायला नको. वसईच्या गोदीत जहाजं बांधली जात, म्हणून हे इतिहासालाही धरून आहे. पण खरं कारण योसेफ, तोही सुतारच. शुभवर्तमानं चार आहेत आणि त्या चारांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मारियेशी त्याची मागणी झालेली, ती गरोदर असल्याचं त्याला कळतं, तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप मागणी मोडावी असं त्याच्या मनात येतं. एवढ्या मोठ्या वादळात तो एक शब्द बोलत नाही. स्वप्न पडतं, जाग येते, आणि तो तिला घरी आणतो. पुढं पुन्हा स्वप्न, पुन्हा जाग, आणि रातोरात बायको-मुलाला घेऊन इजिप्तची वाट. प्रेम करणारा पुरुष कसा लिहावा हे मी इथं शिकले. प्रेमकथेतले नायक फार बोलतात, चांदण्याखाली उभं राहून स्वतःचं मन उलगडत बसतात. माझा सुतार बोलत नाही. तो मुलीच्या घराचं मोडलेलं दार बसवून देतो, बिजागरीला तेल घालतो, दार दोनदा उघडून-मिटून बघतो आणि निघून जातो. मुलीची आई ते बघते, आणि लग्नाचं पक्कं होतं.

नाताळाची गोष्ट मुळात अशीच मागणी झालेल्या दोन माणसांची आहे, हे आपण गोठा मांडताना विसरतो. 17 डिसेंबरच्या मिस्सेत मत्तयाची वंशावळ वाचतात. नावांमागून नावं येतात, लोक कंटाळतात, पोरं चुळबुळतात. मी मात्र त्या दिवशी कान टवकारून बसते. अब्राहामापासून निघालेल्या त्या लांबलचक पुरुषांच्या रांगेत तामार येते, राहाब येते, रूथ येते, उरियाची बायको येते. रूथ परदेशी, विधवा, सासूच्या मागोमाग बेथलेहेमला आलेली. कापणीच्या शेतात सरवा वेचते आणि बवाजाच्या नजरेत भरते. म्हणजे ज्या गावात ख्रिस्त जन्मला त्याच गावाच्या खळ्यावर त्याआधी एक प्रेमकथा घडून गेली होती, आणि ती धर्मग्रंथानं जपून ठेवली. श्रद्धाळू माणसानं प्रेमकथा लिहावी का, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, ते वाचावं.

कादंबरीतल्या ज्या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त काळ बसले तो 24 डिसेंबरच्या संध्याकाळचा. सुतार गलबतावर चढायच्या आधीची शेवटची संध्याकाळ. दिवसभराचा उपास, एकदाच जेवायचं, तेही मांसाशिवाय. आईनं सुक्या मासळीचं कालवण आणि भात केलेला. मुलगी पान वाढते. सुताराचा थोरला भाऊ विषय काढतो: थाट नको, मांडव नको, फादरांची परवानगी काढू, दोन साक्षीदार उभे करू आणि आजच लग्न उरकू, लढाईचे दिवस आहेत, उद्याचं कुणी पाहिलंय? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. धर्माच्या नियमातही तेवढी फट आहे. सुतार ताटाकडे बघत राहतो. मुलगी कालवणाची वाटी त्याच्या पानाजवळ सरकवते आणि म्हणते, “राजांच्या सणानंतर. मी आहे इथंच.”

या दोन वाक्यांसाठी मी बरीच पानं लिहून काढून टाकली. त्यात ती प्रार्थना करायची, देवाची इच्छा काय असेल यावर बोलायची. सगळं खरं होतं, पण ते माझं बोलणं होतं. श्रद्धा असलेली माणसं जेवणाच्या पानावर श्रद्धेविषयी बोलत नाहीत. तिला त्या आशीर्वादाशिवायचं लग्न नको आहे, भीती वाटत असूनही नको आहे, हे तिच्या थांबण्यातून कळलं पाहिजे. ऐतिहासिक प्रेमकथेत धर्म वातावरणासाठी वापरला की तो मेणबत्त्यांपुरता उरतो. माणसाला हवी असलेली गोष्ट धर्मानं लांबवली आणि त्यानं ते लांबणं पत्करलं, की तिथं धर्म जिवंत होतो.

मराठीत याचे दोन धडे आपल्यापाशी कधीचेच आहेत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. विधवांच्या हालांनी कळवळून लिहिलेली ती कादंबरी मला आदरणीय आहे, पण तीत श्रद्धा मुख्यतः युक्तिवादाच्या रूपानं येते. पात्रं एकमेकांना पटवत राहतात. दुसरा धडा लक्ष्मीबाई टिळकांच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडून पडला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण धर्म मात्र आपलाच धरून. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून गेलं ते कुणी वाद घालून जिंकलं म्हणून नाही. स्वतः विचार करता करता गेलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरं केलं. मराठीतली ही सगळ्यात मोठी ख्रिस्ती प्रेमकथा आहे असं मी मानते, आणि ती खरी घडलेली आहे. प्रेमापोटी एकानं दुसऱ्याचा धर्म घेतला, असं सोपं वळण हाताशी येतं तेव्हा मी लक्ष्मीबाईंकडे जाते. प्रेम माणसाला दारापर्यंत आणतं, उंबरा ज्याचा त्यानं ओलांडायचा.

श्रद्धा आहे म्हणून इतिहास झाकायचा नाही, हेही मी या कादंबरीपुरतं स्वतःला बजावून ठेवलं. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. माझ्या कथेच्या दोनच वर्षं आधी, 1736 साली, गोव्याच्या इन्क्विझिशननं फर्मान काढून तिथल्या ख्रिस्ती घरांतल्या लग्नांतली हळद, विडा-सुपारी, बायकांची गाणी यांवर बंदी आणली. माझ्या नायिकेची आजी हे ऐकून आहे. ती मुलीला हळदीची गाणी शिकवते ती आवाज न करता, जात्याच्या घरघरीत. ख्रिस्तावर तिचं प्रेम आहे आणि गाण्यांवरही आहे. या दोहोंत तिला निवड करायला लावणारी माणसं ख्रिस्ताच्याच नावानं बोलतात, हे तिचं दुःख मी लिहिलं. नाताळाच्या दिवसांत ते लिहिणं जड गेलं, पण गोठ्यासमोर बसून खोटं लिहिणं मला शक्य नव्हतं.

आणि दुसरी बाजूही माझीच. मी ज्या भाषेत लिहिते ती कोटाबाहेरच्या फौजेची भाषा आहे. कोट पडला, देवळं ओस पडली, घंटा गेल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर वसईहून नेलेली एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि 1707 हा आकडा. मी तिला हात लावून आले. तिच्यामागं कृष्णा वाहते. तिथं उभं राहिल्यावर जिंकणारे आणि हरणारे असे दोन भाग मला करता आले नाहीत, कादंबरीतही केले नाहीत. वेढ्यातल्या एका मराठा शिपायाची बायको गावाकडं वाट बघते आहे, तिच्यावरही एक प्रकरण आहे.

लढाईचे कागद भरपूर सापडतात. पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांत वसईच्या मोहिमेचा स्वतंत्र खंड आहे. तोफा, सुरुंग, रसद, जखमी, सगळं त्यात मिळतं. कोटातल्या फ्रान्सिस्कन देवळाच्या पडक्या भिंतींत जमिनीवरचे कबरींचे दगड वाचले की कुणाची बायको, कुणाचे वारस एवढं कळतं. पण नवरीच्या अंगाला हळद कोण लावायचं, पाणी आणायला कुठल्या विहिरीवर जायचं, मुलीला निरोप देताना काय गायचं, हे कुठल्याच कागदात नाही. ते आमच्या आज्यांच्या गाण्यांत आहे. बंदी आली, सत्ता बदलली, तरी वसईतल्या ख्रिस्ती बायका मांडवात गात राहिल्या, आणि माझ्या कादंबरीतलं निम्मं घर मी त्या गाण्यांतून बांधलं आहे. ती पूर्ण येणाऱ्या बाया आता थोड्या उरल्या आहेत. या नाताळात तुमच्या घरी अशी कुणी आजी, आत्या, मावशी जेवायला आली, तर जेवणं झाल्यावर तिला गायला लावा आणि वही घेऊन शेजारी बसा. मोबाइलवर आवाज उतरवून घ्या, तिचं नाव आणि गाव त्यावर लिहा, आणि कुठलं गाणं लग्नात नेमकं केव्हा म्हणायचं ते विचारायला विसरू नका.