जुन्याची नवी आवृत्ती

पुस्तकाचे पुनर्मुद्रण ही गोष्ट आपल्या सहज अंगवळणी पडली आहे. मूळ आवृत्ती संपते, वाचकांची मागणी उरते. मग प्रकाशक तोच मजकूर नव्या कागदावर छापतो आणि आतल्या पानावर नवे वर्ष प्रामाणिकपणे नमूद करतो. त्याला कोणी बनावट म्हणत नाही. यंत्राचेही असे पुनर्मुद्रण निघते हे मात्र मला साठी उलटून गेल्यावर कळले, आणि तेही महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या नातवामुळे. त्याला गिटारसाठी एक अँप्लिफायर हवा होता. अस्सल जुना परवडणारा नव्हता, आजच्या पद्धतीचा त्याला नको होता. हवी होती ती जुन्याची नवी आवृत्ती, आणि तीही कोणीतरी वापरून झालेली.

हा अँप्लिफायर म्हणजे ‘फेंडर डिलक्स रिव्हर्ब’. लिओ फेंडर यांनी १९४६ साली कॅलिफोर्नियात आपली कंपनी स्थापन केली आणि १९६३ साली हा नमुना बाजारात आला. १९६५ च्या आरंभी त्यांनी कंपनी विकून टाकली. त्या विक्रीपूर्वीच्या मालाला वादक अजूनही विशेष मान देतात. ही ओढ ओळखून कंपनीने १९९३ साली त्याच नमुन्याची नवी आवृत्ती काढली आणि तिच्या नावात ‘६५’ हा आकडा घातला. शक्ती बावीस वॅट, बारा इंची एक स्पीकर आणि नऊ व्हॉल्व्ह. विद्युतमंडलाचा आराखडा जुनाच. फरक आहे तो बांधणीत. जुन्यात प्रत्येक सुटा भाग हाताने डाख देऊन जोडलेला असे. नवीत ते भाग छापील सर्किटच्या पाटीवर बसवलेले आहेत.

व्हॉल्व्ह हा शब्द नातवाला नवा होता, मला नव्हता. फ्लेमिंग यांनी १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा घटक घातला, आणि क्षीण विद्युत्‌लहर मोठी करण्याची किल्ली माणसाच्या हाती आली. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला आणि हळूहळू व्हॉल्व्हची सद्दी संपली. आपल्याकडे तर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले तेव्हा जग पुढच्या वळणावर पोहोचले होते. तरीही माझ्या पिढीचे बालपण त्या काचेच्या नळ्यांच्या तांबूस उजेडातच गेले.

गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. त्यांचे कारण ऐकण्यासारखे आहे. ट्रान्झिस्टरवर झेपेल त्याहून अधिक भार टाकला की तो आवाजाची लहर वरून एकदम छाटून टाकतो आणि कानाला खरखर बोचते. व्हॉल्व्ह त्याच प्रसंगी लहरीचे टोक हळूहळू वाकवतो. जोराचा आघात झाला की आतला विद्युत्‌दाब क्षणभर खाली बसतो आणि सावकाश वर येतो. वरच्या पट्टीत गेलेल्या गवयाचा आवाज किंचित ताणला जावा, पण फाटू नये, तसा हा प्रकार आहे. शास्त्रदृष्ट्या हा दोषच. पण कानाला तो गोड लागतो.

नानपुऱ्याच्या आमच्या जुन्या घरी वडिलांचा मर्फी रेडिओ होता. बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धे मिनिट लागे आणि तेवढा वेळ सगळे घर थांबून राही. मुंबई केंद्राच्या मराठी बातम्या, विविध भारती आणि बुधवारी रेडिओ सिलोन, या तीन गोष्टींवर आमच्या घरचे घड्याळ चाले. सुरतेत राहून मराठी कानावर पडत राहावी याची वडिलांनी केलेली ती व्यवस्था होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीने शहरात आणले, तेव्हा तळमजल्यावरचे सारे सामान बुडाले. त्यात तो रेडिओही गेला. गाळ धुऊन काढल्यावर पेटीचे लाकूड हातात सुटून आले. बमरोलीत राहायला आलो तेव्हा तो बरोबर आणण्यासारखा उरलाच नव्हता.

यामुळेच, वापरलेली विद्युत वस्तू विकत घेताना सुरतेचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पुराचा. विकणारे गृहस्थ एकेकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आणि हा अँप्लिफायर त्यांच्या नातलगाने अमेरिकेहून २००३ साली आणलेला. पुराच्या वेळी ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते, असे त्यांनी सांगितले. सांगण्यावर कागद पुढे सरकवायचा नाही, ही सरकारी नोकरीतली सवय. म्हणून उधन्याचे एक जुने रेडिओ मेकॅनिक बरोबर घेतले होते. मूळचे खानदेशातले, वय सत्तरीपुढे.

त्यांनी आधी वीजच लावली नाही. मागची फळी काढून पेटीच्या तळाशी पाण्याची रेघ किंवा गाळ दिसतो का ते पाहिले. लोखंडी सांगाड्यावरचा गंज नखाने खरवडला आणि ट्रान्सफॉर्मरला जळका वास येतो का तेही हुंगून घेतले. मग मागची पट्टी वाचून म्हणाले, “साहेब, हा एकशेवीस व्होल्टचा आहे. आपल्या दोनशेतीसवर थेट लावला तर तिथेच संपेल.” नातू हात पुढे करू लागला तसे त्यांनी त्याला अडवले. आत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहू शकतो. आधी तो उतरवायचा, उतरला याची मीटरने खात्री करायची आणि तपासताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले की माझ्या अंगावर काटा आला.

त्यांचा निर्णय असा पडला: माल खरा आहे, पाणी लागलेले नाही, मात्र वीस वर्षांत कंडेन्सर आतून सुकतात, तेव्हा ते सगळे बदलावेत, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. किंमत त्या हिशेबाने उतरली. ट्रान्सफॉर्मर बमरोलीतच, लूमच्या मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्या एका दुकानात तयार करून घेतला.

पैसे द्यायच्या आधी मी नातवाला एकच अट घातली. मेकॅनिककाकांकडे बसून दुरुस्ती शिकायची, तरच ही वस्तू घरात येईल. असा हात गावात आता किती जणांकडे उरला आहे? उद्या काका दुकान बंद करतील आणि ही पेटी माळ्यावर जाईल. “आजोबा, मला वाजवायचंय, दुरुस्त नाही करायचं,” असे तो आधी म्हणाला. तरी चार रविवार गेला. पहिल्या रविवारी बोट भाजले. चौथ्या रविवारी जुने कंडेन्सर त्याने स्वतः काढले आणि नवे काकांच्या नजरेखाली बसवले. छापील पाटीवर जास्त वेळ उष्णता दिली की तांब्याची रेघ उचलली जाते, हेही तेव्हाच समजले. जुन्या बांधणीत ही भीती कमी होती. तिचा मान केवळ वयाचा नव्हे.

व्हॉल्व्ह मात्र नव्या आवृत्तीतही खाचेत बसवलेले असतात, म्हणजे झिजलेला हाताने उपटून दुसरा लावता येतो. पण तो दुसरा कोठून यावा? आज हे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत होतात. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियाचा पुरवठा अडला आणि जगभरचे गिटारवादक हवालदिल झाले. साठ वर्षांपूर्वीचा आवाज आजही ऐकू येतो तो कोणीतरी आज काच फुंकते, तार ताणते आणि डाख देते म्हणून.

आपल्या कुटुंबांचा विचार त्यावरून मनात आल्यावाचून राहिला नाही. आजोबा-पणजोबा सुरतेला आले त्याला काळ लोटला. आपली मराठी, आपला गणपती, आपले हळदीकुंकू ही मूळ आवृत्ती उरलेली नाही. जळगाव-नाशिकचे नातलग आपल्या बोलण्यातले गुजराती शब्द वेचून हसतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आराखडा तिकडचा, सुटे भाग इथले. आणि पुनर्मुद्रणाने आपले वर्ष लपवू नये. मला चिंता वाटते ती निराळीच. आपण मुलांना हे सगळे वापरायला देतो, उघडून दाखवत नाही. सणाचा फराळ त्यांच्यापुढे येतो, पण आरतीतला अडलेला शब्द, पत्राचा मायना, मंडळाचे हिशेब हे आपण आपल्याच हाती ठेवतो, आणि मग पुढची पिढी सभेला येत नाही म्हणून हळहळतो. नातू चार रविवार दुकानात बसला त्याचे कारण त्याच्या हातात डाखाची कांडी दिली गेली होती. बोट भाजेल या भीतीने ती दिली नसती, तर तो केवळ गिऱ्हाईक राहिला असता.