खाली उतरणारी रेघ

गुरुजींकडून मी आधी शिकले ते निकालाची वही लिहायला. आष्टी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे गणित आलं, विज्ञान आलं आणि ‘तुम्हाला येतं ना’ म्हणून कॉम्प्युटरही आला. गुरुजींची नोकरी तेव्हा संपत आलेली. खेळाचा तास त्यांचा. शाळेच्या दफ्तरात स्पर्धेची नोंद म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. बाकीच्यांचा उल्लेखही नसतो. गुरुजींच्या वहीत मात्र धावलेल्या प्रत्येक लेकराचं नाव असायचं, अगदी शेवटून पहिल्याचंही. नावापुढे तारीख, वेळ, आणि एका बारीक रकान्यात ‘अनवाणी’ किंवा ‘बूट’.

ती वही मी कॉम्प्युटरवर घेतली ती सहावी-सातवीच्या मुलांना आलेख शिकवायला. पुस्तकातले आलेख त्यांना येत होते, पण कुठल्या तरी गावाच्या पावसाशी नाहीतर दुकानातल्या छत्र्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. स्वतःच्या धावण्याशी होतं. ६०० मीटरच्या वेळा टाकायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. मुलीने २:०५ टाइप केलं. कॉम्प्युटरने ते दोन तास पाच मिनिटं धरलं. मग गुरुजींनीच सुचवलं, सगळ्याचे सेकंद करा. एका रकान्यात मिनिटं, दुसऱ्यात सेकंद, तिसऱ्यात सूत्र: मिनिटं गुणिले ६० अधिक सेकंद. सूत्र एकदा लिहायचं आणि चौकटीच्या कोपऱ्यातला बारका ठिपका धरून खाली ओढायचा. सगळ्या वर्गाचं उत्तर एका दमात खाली उतरलेलं पाहून पोरं जी ओरडली, ती शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेली.

लांब उडीचं दुखणं वेगळं होतं. मुलं इमानदारीने ‘३.४० मी.’ असं लिहायची आणि त्या मुलाचा स्तंभच उठायचा नाही. आकडा चौकटीत उजवीकडे बसतो, अक्षरं डावीकडे, ‘मी.’ जोडला की आकड्याचं अक्षर होतं. ‘डावीकडं चिकटलंय का बघ’ हे पुढे वर्गातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसलं. एकक वरच्या शीर्षकात लिहायचं, चौकटीत नाही, ही शिस्त विज्ञानाच्या तासाला मी कितीदा सांगितली होती. ती तिथे, त्या न उठलेल्या स्तंभापाशी रुजली.

धावण्याचा पहिला स्तंभालेख तयार झाला तेव्हा सगळ्यात मागे राहणाऱ्या मुलाचा स्तंभ सगळ्यात उंच आला. तो हरखला, वर्ग हसला. गुरुजी दारात उभे होते. ते आत आले, म्हणाले, ‘‘उडीत उंच ते चांगलं, धावण्यात बुटकं ते चांगलं. आधी काय मोजलंय ते वाचा, मग हसा.’’ आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘बाई, लेकराला दुसऱ्याशी कशाला जुंपता? त्याचंच मागल्या महिन्याचं अन् ह्या महिन्याचं शेजारी मांडा की.’’

माझ्या शिकवण्याचं पुढचं सगळं ह्या वाक्यावर उभं आहे. आम्ही वर्गाचा एक आलेख काढणं सोडलं आणि प्रत्येकाची वेगळी रेघ काढली. सहावीतली एक मुलगी कधीच कुठल्या नंबरात यायची नाही. तिची रेघ दर महिन्याला थोडी थोडी खाली उतरत होती. वर्गात इतकी सलग उतरण दुसऱ्या कुणाचीच नव्हती. तिने त्या रेघेची प्रत घरी नेली आणि तिचे वडील शाळेत ती काय आहे हे विचारायला आले. त्यांना समजावून सांगायचं काम तिने स्वतः केलं, बोट ठेवून, एकेका ठिपक्यावर.

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकलं. त्याचं मांडवा आमच्याच तालुक्यातलं. शाळेत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. त्याची वेळ ८:११.२०, सुवर्ण जिंकलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची ८:११.१५. आम्ही दोन्ही वेळा आलेखात टाकल्या, तर पडद्यावर एकच ठिपका दिसला. पाच शतांश सेकंद म्हणजे किती, हे समजावून सांगायची गरजच उरली नाही.

मग गुरुजींनी राष्ट्रीय विक्रमच मांडायला घेतला. त्यांना त्या वेळा तोंडपाठ होत्या. गोपाळ सैनी, १९८१, ८:३०.८८. साबळेने तो २०१८ साली भुवनेश्वरला मोडला, ८:२९.८०. मग २०१९ मध्ये दोह्याला ८:२१.३७, टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, २०२२ च्या जूनमध्ये रबातला ८:१२.४८, आणि बर्मिंगहॅम. मुलांनी सेकंद केले, साधा रेषालेख काढला. छान उतरती रेघ आली. गुरुजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे खोटं आहे.’’

खरंच होतं त्यांचं. साध्या रेषालेखात खालच्या अक्षावर वर्षं नुसती नावांसारखी ओळीने बसतात. १९८१ आणि २०१८ मधलं अंतर २०१८ आणि २०१९ मधल्या अंतराएवढंच दिसत होतं. मी आलेखाचा प्रकार बदलून विखुरलेल्या ठिपक्यांचा घेतला, त्यात वर्षही आकडा म्हणूनच मोजलं जातं. सैनींचा ठिपका पार डाव्या टोकाला गेला, आणि मधे ३७ वर्षांची मोकळी जागा पडली. साबळेचे सगळे ठिपके उजव्या कडेला एकमेकांना खेटून, कड्यावरून उतरावेत तसे. ‘‘एवढी वर्षं कुणीच पळालं नाही का?’’ एकाने विचारलं. पळाले, पण ह्या वेळेच्या खाली कुणी आलं नाही, असं गुरुजींनी सांगितलं, आणि सैनी केवढे मोठे धावपटू होते हे मुलांना त्या मोकळ्या जागेवरून कळलं. मला आलेख शिकवता येत होता. कुठला आलेख काय लपवतो, ही नजर मला गुरुजींनी दिली. बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

उभ्या अक्षाचाही असाच वाद झाला. शून्यापासून सुरू केला तर सगळे ठिपके वर एका ओळीत दिसत, सुधारणा जवळजवळ नाहीच. कारण पाचशे सेकंदांत वीसेक सेकंदांचा फरक. ४९० पासून सुरू केला तर उतार डोळ्यांत भरे. आम्ही दोन्ही काढले आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावले, खाली अक्ष कुठून सुरू होतो ते मोठ्या अक्षरांत लिहून.

गुरुजी निवृत्त झाले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगनंतर त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, ‘‘आठ नऊ एक्याण्णव. टाका.’’ वर्गात मुलांनी सेकंद केले, ४८९.९१, आकडा चौकटीत टाकला, आणि ठिपका कुठे दिसेचना. सूत्र तपासलं, आकडा उजवीकडेच होता. मग सातवीतल्या एका मुलीच्या ध्यानात आलं: आपला अक्ष ४९० लाच संपतो, साबळे त्याच्याही खाली गेलाय. तिने खालची मर्यादा ४८० केली. मी गुरुजींना तिथूनच फोन लावला आणि तिच्या हातात दिला.