मागचा रेटा

मृग लागायच्या आधीचा एक रविवार आमच्या घरी वाळूचा असायचा. अंगणात चवाळं पसरून नाना वाळू वाळत घालत, दुपारी चाळून घेत आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरत. शिवाय एक गोणी असायची, न चाळलेल्या वाळूची, तोंड सुतळीने शिवलेली. ती गोणी फियाटच्या डिकीत जायची. तीही कुठेही टाकलेली नाही, आतपर्यंत सरकवून मागच्या सीटच्या पाठीला टेकवलेली. डबा तिच्या शेजारी. "वजनाला ओली झाली तरी चालते, चाकाखाली मात्र कोरडीच लागते," असं ते दरवर्षी म्हणत आणि आम्ही दोघे भाऊ दरवर्षी नव्यानं ऐकावं तसं ऐकत असू.

नाना रेल्वेत होते, बँकरवर. मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, लोक वडे घ्यायला उतरतात, तेवढ्या वेळात गाडीच्या शेपटाला इंजिनं लागतात. तेच बँकर. कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर, पण घाटात चढ ३७ फुटांना एक फूट. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, त्यानंतर वाफ गेली, वीज आली, खंडाळ्याला गाडीची दिशा उलटवायचं जुनं ठाणं गेलं. मागून रेटणं मात्र राहिलं. खिडकीतून धबधबे बघणाऱ्या माणसाला पुढचं इंजिन आठवतं. त्याच्या पाठीला मंकी हिलच्या चढावर जो एकसारखा हलका दाब जाणवत असतो, तो कुणाचा हे त्याच्या मनातही येत नाही. मला लहानपणापासून माहीत होतं. तो दाब नानांचा होता.

पावसाळ्यात रूळ ओले, त्यात पाल्याचा चिकटा. चाक पकड सोडतं आणि जागच्या जागी गरगरतं. अशा वेळी आणखी जोर लावून उपयोग नसतो. जोर कमी करायचा आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडायची. इंजिनाला त्यासाठी वाळूच्या पेट्याच असतात, हवेच्या दाबानं नळीतून वाळू सुटते. ती दमट असली तर नळीत गठ्ठा होतो आणि ऐन वेळी दगा देते. आमच्या अंगणातलं ते वाळवण तिथून आलं होतं.

फियाट आम्ही घेतली तेव्हाच वापरलेली होती. १९७८ची, दुधाळ रंगाची. कागदावर प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण तिला पद्मिनी कुणीच म्हणत नसे. हँडलजवळच गिअर, चारही चाकांना ड्रमब्रेक, मागे पाटे. पुढे १०८९ सीसीचं इंजिन, तिथून शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या चाकांना फिरवतो. म्हणजे गाडी ओढली जात नाही, ढकलली जाते. ही तिची सगळी खोड आणि सगळा गोडवा. जड इंजिन पुढे आणि काम मागच्या चाकांना, अशी ती वाटणी. गाडी रिकामी असली की मागची चाकं हलकी पडतात आणि चिखलात ती तशीच फिरत राहतात. भरली असली, त्यातून चढावर असली, की सगळा भार मागे येतो आणि तीच चाकं रस्ता धरून ठेवतात. म्हणून नाना पावसाळ्यात पेट्रोलची टाकीही भरलेली ठेवत. टाकी मागेच होती.

लोणावळ्याचा पाऊस मी वर्णन करून सांगू नये. पण गाडी चालवणाऱ्याला तो एकच पाऊस नसतो, हे सांगायला हवं. पहिली सर सगळ्यांत वाईट: आठ महिन्यांची धूळ आणि रस्त्यावर ठिबकलेलं तेल वर येतं आणि डांबरावर साबण फासल्यासारखं होतं. मग आषाढात आवणी सुरू झाली की खाचरातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखलाची लादी टाकत जातात. श्रावणापर्यंत झाडाखालच्या कडांना शेवाळ धरतं, हिरवं, मखमलीसारखं, आणि त्याच्यावर चाक गेलं की हँडलमधला जीवच जातो. या तिन्हींचा अंदाज डोळ्यांना येत नाही, बुडाखालच्या सीटला येतो. गाडीचं मागचं अंग किंचित बाजूला सरतं, एखाद्यानं कमरेला हात लावून हलकेच सरकवावं तसं. त्या क्षणी ब्रेकवर पाय गेला की गाडी फिरली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सावकाश उचलायचा, शेपूट जिकडे जातंय तिकडेच हँडल थोडं द्यायचं आणि शेपूट परतू लागलं की लगेच सरळ करायचं. हे वाचून येत नाही. वळवणकडच्या एका मोकळ्या, चिखल झालेल्या मैदानात नानांनी मला सलग तीन रविवार गाडी मुद्दाम घसरवायला लावली, तेव्हा ते अंगात आलं.

दुधिवरे खिंडीतली ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. पवन मावळात मावशीकडे निघालो होतो, मी मागे, धाकटा नानांच्या शेजारी. काचा आतून धुरकट. नानांनी काचेला तंबाखू चोळली होती, त्यानं पुढचं थोडं दिसत होतं. दिव्यांना पिवळा जिलेटिन कागद. चढावर एका वळणाला समोरून बैलगाडी आली म्हणून थांबावं लागलं, आणि ती गेल्यावर आमची गाडी निघेना. उजवं मागचं चाक फिरत होतं, तांबडा चिखल मडगार्डवर फटफट आपटत होता. नानांनी लगेच पाय काढला. इंजिन तसंच धुकधुकत राहू दिलं, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "दगड लाव."

मी उतरून चाकामागे दगड लावत होतो, तोवर शेजारच्या खाचरातून इरली घेतलेली तीन-चार माणसं वर आली. त्यांच्यातला म्हातारा नानांना ओळखत होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी घातली, डिकीवर दोन्ही हात टेकवून तिला खालीवर करून पाहिलं आणि म्हणाला, "डायवरसाहेब, पोरं म्होरं-मागं कशापायी बसवलीत? दोन्ही मागं घ्या. पण पार शेपटाला वजन नका टाकू, न्हाईतर उलाळ हुईल." बैलगाडीला मागे भार जास्त झाला की धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, त्याला उलाळ म्हणतात. मोटारीलाही तेच लागू आहे: अगदी टोकाला वजन टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि हँडल फिरवूनही गाडी वळत नाही. आयुष्यात मोटार न चालवलेल्या माणसानं हे हातानं दाबून ओळखलं होतं. नानांनी मान डोलावली. एका कामातला माणूस दुसऱ्या कामातल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेताना जी मान डोलावतो, ती.

मग त्यांनी डबा उघडला. ओंजळभर वाळू उजव्या चाकापुढे, ओंजळभर डाव्या. उरलेली पुढे हातभर पट्ट्यात, कारण चाक एकदा सुटलं की त्याला पुढचे चार हातही धरायला काहीतरी लागतं. आम्ही दोघे मागे बसलो. माणसांनी डिकीला खांदे लावले. नानांनी पहिला गिअर न टाकता दुसरा टाकला, म्हणजे चाकावर जोर बेताचा यावा, आणि क्लच इतका हळू सोडला की गाडी निघाली कधी ते कळलं नाही. फक्त चाकाखाली वाळू चरचरल्याचा आवाज आला. तो आवाज मला अजून कुठल्याही वाद्यापेक्षा जवळचा आहे. वर खिंडीत पोचल्यावर नानांनी गाडी थांबवली, उतरून मागे वळून त्या माणसांकडे हात हलवला. ती पुन्हा खाचरात उतरली होती, पाठीवरची इरली तेवढी दिसत होती.

धाकटा पुढे शिकायला अमेरिकेत गेला, मिशिगनमध्ये राहिला. पहिल्या हिवाळ्यात त्यानं जुनी, लांबलचक गाडी घेतली. तिकडच्या त्या काळच्या मोठ्या गाड्याही मागच्याच चाकांवर चालत. त्याचं पत्र आलं, ते नानांनी दोनदा वाचून घेतलं. त्यानं लिहिलं होतं की बर्फ पडला की इथले लोक डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवतात, दुकानात त्या थंडीच्या तोंडावर रचून विकायला असतात; पहिल्या दिवशी रचलेल्या पिशव्या पाहून मी दुकानात उभाच राहिलो. त्याची ओलसर राहिलेली पिशवी एका रात्रीत गोठून दगड झाली होती. वजनाला कामी आली, चाकाखाली घालायला नाही. शेवटी शेजाऱ्यानं मांजरांसाठी विकत मिळणारी कोरडी दाणेदार माती दिली, तिच्यावर गाडी निघाली. नानांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं, कोरडी." मग बराच वेळ ते अंगणात जाऊन उभे राहिले.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हळूहळू सगळ्यांच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या झाल्या. त्या चांगल्या आहेत. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं, नवख्यालाही त्या पावसात सांभाळून नेतात. माझी मुलगी तसलीच चालवते आणि मला तिची काळजी वाटत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात थांबली, त्या दिवशी मी आमच्या फियाटचं बोनेट उघडून उगीच डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसलं. पावसाळ्यात ते दमट झालं की ती सुरू होत नाही. कोरड्या फडक्यानं पुसलं, परत लावलं, चावी फिरवली. दुसऱ्या फिरवणीला लागली.

आता ती वर्षातून थोडीच निघते. नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी धाकटा भर आषाढात आला, म्हणाला, खिंडीतून जाऊ. गोणी बदलायची म्हणून मी डिकी उघडली. झाकणाचं रबर कुठेतरी फाटलेलं असणार, आत पाणी झिरपलं होतं. मागच्या खेपेला वडगावहून इंद्रायणीचं बियाणं आणलं होतं, त्यातले काही दाणे सांडलेले असावेत. गोणीच्या शिवणीतून, वाळूतून, बोटभर उंचीची भाताची सात-आठ रोपं वर आली होती, उजेड नसल्यानं पिवळट, सगळी फटीच्या दिशेला झुकलेली.

धाकट्यानं ती एकेक करून उपटली, मुळांना वाळू तशीच राहू दिली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. मांडीवर फडकं धरून. पुढची सीट रिकामी होती. मी दुसरा गिअर टाकला.