दोन बादल्या

गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी, मी उठायच्या आत, बाबांनी ती धुऊन काढली. जुना बनियन, भांड्यांचा साबण, एकच बादली. उन्हात काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले आणि मी नको ते बोललो. बाबा गप्प. बनियन पिळून वाळत घालायला गेले.

ओरखडे पाडते ती धूळ, कापड फक्त तिला फिरवतं. म्हणून आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. धुण्याचा मायक्रोफायबर हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकांना वेगळं फडकं. पुसायचं कापड जमिनीवर पडलं की बाद. आणि सावलीतच, आमच्या टँकरच्या पाण्याचे उन्हात पांढरे डाग वाळतात. (प्रेशर वॉशर दोनदा कार्टमध्ये टाकून काढला. नळाची नळी पुरते.)

हे मला तीन रात्री व्हिडिओ बघून कळलं. बाबांना कोण सांगणार होतं?

परवा ते पुन्हा आले. मी दोन्ही बादल्या भरल्या. ते लांबच उभे.

"टपाला हात लावू का?" त्यांनी विचारलं.