पिक्सेल कुठे बसवू नये

साइट बांधून होत आली, पैशांचं बोलणं मिटलं, की क्लायंट उठता उठता म्हणतो, ‘ताई, तेवढं गूगलचं टाकून द्या.’ जाहिरातींसाठी एजन्सी नेमलेली असेल तर पुढे, ‘आणि तो पिक्सेलही.’ काम तसं पाच-दहा मिनिटांचं. टॅग मॅनेजरच्या कोडचे दोन तुकडे, एक हेडमध्ये आणि एक बॉडी उघडल्याबरोबर. आत ॲनालिटिक्सचा टॅग, मेटाचा पिक्सेल. प्रिव्ह्यू लावून दोन्ही फायर होतात का पाहायचं आणि पब्लिश. एवढ्यासाठी बिलात वेगळी ओळ कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी ती ओळ ठेवते आणि तिच्यावर घासाघीस करू देत नाही. टॅग कोणत्या पानावर हवा आणि कोणत्या पानाकडे त्याला फिरकूही द्यायचं नाही, हे ठरवायला वेळ लागतो. तो वेळ समोरच्याचा धंदा समजून घेण्यात जातो.

एक फरक आधी सांगावा लागतो. ॲनालिटिक्स मुख्यतः मालकासाठी हिशेब ठेवतं. किती जण आले, कुठून आले, काय पाहून गेले. पिक्सेल येणाऱ्याची खबर मेटाला देतो, आणि मेटा ती फेसबुक-इन्स्टाग्रामच्या खात्यांशी जुळवून पाहतं. दोन्ही फुकट. गूगलने २००५मध्ये अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲनालिटिक्स सगळ्यांना मोफत खुलं केलं. त्याआधी आमच्या धंद्यातले लोक सर्व्हरच्या लॉग फायली चाळत, नाहीतर पानाच्या तळाशी एक काउंटर लावून देत. फुकट मिळालेली गोष्ट कोणी विचार करून वापरत नाही, तशी ही सगळीकडे बसली.

आंबेवाल्यांच्या साइट्स मला सगळ्यात आवडतात, कारण त्यांचा धंदा मोजायला फार नाठाळ आहे. देवगडचा बागायतदार मार्च ते मे विकतो. त्याच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात उंच पट्टी ‘डायरेक्ट’ची. तो खूश होतो. लोक आपलं नाव टाइप करून येतात असं त्याला वाटतं. खरं तर ‘डायरेक्ट’ म्हणजे माणूस कुठून आला ते गूगलला कळलं नाही, इतकंच. व्हॉट्सॲपमधून लिंक उघडली की मागचा पत्ता सहसा सोबत येत नाही, आणि आंब्याची लिंक फिरते ती तिथेच. सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, मावशीचं स्टेटस. म्हणून प्रत्येक ठिकाणासाठी यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, लावलेली वेगळी लिंक बनवायची. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांच्या यादीला एक, स्टेटसला दुसरी, पेटीवरच्या क्यूआर कोडला तिसरी. (यूटीएममधला ‘यू’ म्हणजे तोच अर्चिन. कंपनी गेली, नाव पत्त्याच्या शेपटाला लोंबत राहिलं.) नावं कशी लिहायची हे आधीच कागदावर ठरवावं लागतं. इंग्रजीत एकदा मोठ्या लिपीत आणि एकदा छोट्या लिपीत व्हॉट्सॲप लिहिलं की रिपोर्टमध्ये दोन व्हॉट्सॲप उगवतात.

पुढचा घोळ पैशांचा. गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या पानावर जाऊन परत येतं, आणि ॲनालिटिक्स समजतं की ते गेटवेकडूनच आलं. नको असलेल्या रेफरल्सच्या यादीत गेटवेचं नाव घातलं नाही तर हंगामाअखेर दिसतं की सगळ्यात जास्त आंबे पेमेंट गेटवेनेच खपवले! यूपीआयची तऱ्हा आणखी वेगळी. माणूस ॲपमध्ये जातो, पैसे भरतो, टिंग वाजलं की फोन खिशात. तो ब्राउझरकडे परतत नाही, थँक्यू पेज उघडत नाही, आणि टॅग त्या पानावर बसलेला असला तर विक्री बँकेत दिसते, रिपोर्टमध्ये नाही. उलट कुणाच्या फोनमध्ये थँक्यू पेज तसंच उघडं राहतं, पुन्हा लोड होतं, आणि ऑर्डरचा क्रमांक सोबत पाठवला नसेल तर एक पेटी दोनदा मोजली जाते. म्हणून खरेदीची नोंद मी थँक्यू पेजच्या भरवशावर सोडत नाही. गेटवेकडून आपल्या सर्व्हरला पैसे आल्याचा निरोप येतो, त्यावरून ती पाठवते.

कॅश ऑन डिलिव्हरीत तर पिक्सेल सरळ फसतो. ऑर्डर पडली की त्याच्या लेखी विक्री झाली. पेटी दारातून परत आली हे त्याला कोण सांगणार? आणि मेटाची जाहिरात ‘खरेदी’ करणाऱ्यांसारखी आणखी माणसं शोधत असते, म्हणजे पेट्या परत पाठवणाऱ्यांसारखीही. परत आलेली पेटी म्हणजे नासलेला आंबा. अशा ऑर्डरींची खबर माल पोचल्यावरच पाठवायची, हा माझा नियम आहे. एजन्सीला तो आवडत नाही, कारण त्यांचे आकडे खाली येतात.

दोन सेटिंगं पहिल्याच दिवशी. रिपोर्टची वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची राहून गेली तर उन्हाळ्यात आपला दिवस दुपारी साडेबाराला बदलतो. आणि ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत, जीए-४मध्ये, सविस्तर माहिती मुळात २ महिनेच ठेवली जाते. ती १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण आपण जाऊन वाढवली तरच. यंदाचा मे गेल्या मेशी बारकाईने ताडून पाहायचा तर हे १४ महिने जेमतेम पुरतात. फोनवरच्या ऑर्डरींना मात्र कुठलंच सेटिंग नाही. नंबरवर बोट टेकलं एवढं कळतं, पुढे काय बोलणं झालं ते नाही. तिथे वहीत एक रकाना आखून ‘आमचं कुठून कळलं?’ असं विचारायला सांगते. तो रकाना डॅशबोर्डपेक्षा जास्त खरं बोलतो, असं माझं मत आहे.

आंब्याच्या साइटवर चूक झाली तर आकडा चुकतो. पॅथॉलॉजी लॅबच्या किंवा दवाखान्याच्या साइटवर तेच टॅग तसेच बसवले तर माणूस उघडा पडतो. पिक्सेल पानाचा पत्ता आपोआप पाठवतो, आणि त्या पत्त्यात बहुधा चाचणीचं नाव असतं. एचआयव्ही, गरोदरपण, साखर. अपॉइंटमेंटचा फॉर्म निष्काळजीपणे लिहिलेला असेल तर मोबाइल नंबरही पत्त्यात जाऊन बसतो आणि गूगलकडे पोचतो. तो पाठवू नये असं खुद्द गूगलचाच नियम सांगतो. आपल्याकडे एक फोन घरातले तिघं-चौघं वापरतात. कुणीतरी गुपचूप पाहिलेल्या चाचणीची जाहिरात संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात उमटू शकते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने गुडआरएक्स या औषधांवर सवलत देणाऱ्या कंपनीला १५ लाख डॉलरचा दंड लावला. वापरणाऱ्यांची आरोग्याची माहिती त्यांना न सांगता फेसबुक, गूगल आणि इतरांना पुरवल्याचा ठपका तिच्यावर होता. लॅबच्या साइटवर मी पिक्सेल बसवत नाही, माणसाची बोटं कुठे फिरली ते दाखवणारं रेकॉर्डिंगही नाही. अपॉइंटमेंट किती आल्या ते लॅबच्याच सर्व्हरवर मोजता येतं, आणि त्याहून जास्त हवं असेल तर मॅटोमो हे मोजणीचं सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. जाहिरात परिसर पाहूनही करता येते. हे पटत नसेल तर काम दुसऱ्याला द्यावं.

लातूर-नांदेडकडच्या क्लासेसच्या साइट्सबद्दलही माझं हेच म्हणणं. तिथे येणारी बरीचशी मुलं सोळा-सतरा वर्षांची. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवायला मनाई करतो. शिक्षणसंस्थांना नियमांत थोडी सूट आहे, पण ती शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत आहे, आणि ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य मी आतापासूनच ऐकते आहे.

याच कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यांत आहेच. मराठी साइट्सवर मात्र अजून इंग्रजी पट्टी दिसते, ‘ॲक्सेप्ट’चं बटण ठसठशीत आणि नकाराचं बटण शोधावं लागतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची खिडकी उघडून पाहिलं की कळतं, बटण दाबायच्या आधीच टॅग फायर होऊन गेलेला असतो.

साइट करून घेत असाल तर करणाऱ्याकडे टॅगची यादी लेखी मागा. काय बसवलं, कोणत्या पानावर, माहिती कुणाकडे जाते. आणि ॲनालिटिक्स, टॅग मॅनेजर, पिक्सेल ही तिन्ही खाती स्वतःच्या ईमेलवर उघडून घ्या. ती एजन्सीच्या नावावर असली तर एजन्सी बदलताना मागच्या हंगामांचे आकडे तिच्याकडेच राहतात.