मातीला रविवार नसतो

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडली की ते न विचारताच एक कॅलेंडर पुढे करतं: सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते बारा, मग एक ते पाच. बहुतेक जण त्यात शनिवार भरतात, सणांच्या सुट्ट्या टाकतात आणि मोकळे होतात. माझ्या मते घोटाळा तिथेच होतो. सुटी प्रकल्पाला नसते, ती कुणाला तरी असते. ती कुणाची हे ठरल्याशिवाय कॅलेंडरला हात लावू नये. पेणजवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गणपतीच्या कारखान्यांच्या गावांकडे पाहिलं की हे चटकन पटतं. कारागीर दमतो, जेवतो, घरी जातो. साच्यातून काढलेली मूर्ती मात्र रात्रभर सुकत असते.

समजा, रविवारची सुटी आणि रोज आठ तास असं कॅलेंडर लावलं. शाडूची मूर्ती शनिवारी संध्याकाळी पाचला साच्यातून निघाली आणि सुकायला तीन दिवस लागणार. (मूर्तीच्या उंचीवर आणि हवेवर हा आकडा हलतो, हिशेबापुरता धरू.) ती मंगळवारी संध्याकाळी रंगाला मोकळी व्हायला हवी. सॉफ्टवेअर सुकवणं सोमवारी सकाळी सुरू करतं आणि बुधवारी पाचला संपवतं. कुणी काटेकोरपणे '७२ तास' लिहिलं तर आणखीच पंचाईत: त्याचे आठ-आठ तासांचे नऊ दिवस होतात, मूर्ती त्याच्या पुढच्या बुधवारी सुकते आणि मधला रविवारही इमानदारीने पाळते! यावर उपाय आहे. प्रोजेक्टमध्ये कालावधीच्या एककाआधी इंग्रजी 'e' लावला की तो घड्याळाचा सलग वेळ धरला जातो. प्रायमाव्हेरा या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या एका कामाला चोवीस तासांचं वेगळं कॅलेंडर देता येतं. पण हे कळलं की काही जण सगळ्या प्रकल्पालाच चोवीस तास लावतात, आणि मग कागदावर रंगारी रात्री दोन वाजता डोळ्यांची आखणी करत बसतो. जास्तीच्या तासांचाही सापळा आहेच. हंगामात कॅलेंडर दहा तासांचं केलं, पण 'एक दिवस म्हणजे आठ तास' ही सेटिंग्जमधली वेगळी नोंद तशीच राहिली, तर पाच दिवसांचं रंगकाम चौथ्या संध्याकाळीच संपलेलं दिसतं.

कारखाने डोक्यातल्या हिशेबावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर चालतात, तिथे ही भानगड कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे, कारण कारागिराच्या डोक्यात माणसांचं आणि मातीचं कॅलेंडर आधीपासून वेगळंच असतं. ते एकत्र कालवतो तो तक्ता करणारा, म्हणजे आम्ही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाऊस कॅलेंडरमध्ये बसत नाही, शेवटी थोडे दिवस राखून ठेवा म्हणजे झालं. पण शेवटी राखलेले दिवस पाऊस नेमका कोणत्या कामाला नडतो हे सांगत नाहीत. छपराखाली साचे भरणं चालू राहतं. ओल हटत नाही ती मूर्तीतली, आणि ओल्या अंगावर रंग धरत नाही. म्हणून पावसाचे दिवस सुटीचे म्हणून रंगवणंही मला चूकच वाटतं. वाढवायचा तो सुकण्याचा कालावधी. रोह्यापासून पुढे जाणारी कोकण रेल्वे हेच करते: पावसात गाड्या बंद ठेवत नाही, वेग कमी धरून पावसाळी वेळापत्रक लावते.

खरी कसोटी गेल्या वर्षीची फाइल उचलून तारखा सरकवताना लागते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आली. सण चंद्रावर चालतो, पाऊस सूर्यावर. त्यामुळे फाइलमध्ये १८ दिवस हाती लागल्यासारखे दिसतात, पण ते सगळे पावसातले असतात. त्यांच्या भरवशावर कारखानदाराने किती जास्त ऑर्डर घ्यायची, हे त्या दिवसांत किती मूर्ती सुकतील यावर ठरतं. तक्त्यात सुकवण्याला अजून मे महिन्यातलाच आकडा असेल तर उत्तर फुगून येणार, आणि ते कळेल तेव्हा रंगाविना मूर्ती फळ्यांवर उभ्या असतील.