टोल, व्याज, मुद्दल : वरसावे नाक्यावरची टिपणे

1.
फाउंटन हॉटेलचा चौक. ठाण्याकडून घोडबंदर रस्त्याने आलेले कंटेनर इथे उजवीकडे वळतात आणि खाडीपुलाच्या रांगेत लागतात. जुन्या पुलांच्या शेजारी 2023 साली नवा पूल खुला झाला. खाली ओहोटीचा चिखल, कडेला तिवरं.

2.
या पुलावरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा दहिसर ते सुरत हा 239 किलोमीटरचा भाग मे 2017 मध्ये शेअर बाजारात आला. आणला तो आयआरबी इन्व्हिट फंडाने : देशातला पहिला नोंदणीकृत इन्व्हिट, म्हणजे पायाभूत प्रकल्पांचा गुंतवणूक ट्रस्ट. पाच राज्यांतले सहा टोलरस्ते त्याच्या पोटात होते. युनिट 102 रुपयांना.

3.
इन्व्हिट कायद्याने म्युच्युअल फंड नाही, पण गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिलं तर जुन्या क्लोज-एंडेड उत्पन्न योजनेचा सख्खा भाऊ. युनिट परत करून फंडाकडून पैसे मागता येत नाहीत. नको झालं तर बाजारात गिऱ्हाईक शोधायचं, तो देईल तो भाव. मालमत्तेची किंमत कागदावर एक, बाजारभाव दुसरा.
वाटायला मोकळ्या झालेल्या रोख रकमेपैकी किमान 90 टक्के वाटून टाकायची, हा सेबीचा नियम. म्हणून वाटप दणदणीत दिसतं.

4.
सुरुवातीला किमान गुंतवणूक 10 लाख रुपये होती. 2021 मध्ये सेबीने एकेक युनिट घेण्याची मुभा दिली. त्या दिवसापासून हा विषय श्रीमंतांचा उरला नाही, पेन्शनरांचाही झाला.

5.
काशिमीऱ्यात बँकेबाहेर, पासबुक भरायच्या रांगेत.
"महिन्याला किती देतो हा फंड?"
"काका, महिन्याला नाही, तिमाहीला. युनिटमागे दोन रुपयांच्या आसपास."
"म्हणजे वर्षाला आठ. शंभरावर आठ टक्के."
"भाव आता साठ आहे, काका."
"मग तेरा टक्के झाले की!"
गुणाकार-भागाकारात काकांचं काहीच चुकलं नव्हतं. मात्र आठ काय नि तेरा काय, परतावा यातला एकही नाही.

6.
परतावा काढायचा तर वही लागते. एका बाजूला घातलेले पैसे, दुसऱ्या बाजूला आलेलं प्रत्येक वाटप तारखेसह, आणि शेवटी आज विकलं तर काय मिळेल.
या फंडाचं वाटप वर्षाला साधारण आठ ते बारा रुपयांत राहिलं. हिशेबापुरतं सरासरी साडेनऊ धरू. आठ वर्षांत 76 रुपये हातात आले. युनिट 102 ला घेतलं होतं, आठ वर्षांनी भाव साठ. एकूण 136. वर्षाचा चक्रवाढ दर निघतो पाच टक्क्यांच्या आसपास. दर वर्षी बँकेत जमा झालेली रक्कम मात्र नऊ टक्क्यांहून जास्त दिसत होती. मधले चार टक्के म्हणजे स्वतःचंच मुद्दल.
याच काळात महागाईही पाच टक्क्यांच्या घरात होती. एप्रिल ते जून 2017 या तिमाहीत टपाल खात्यातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर 8.4 टक्के होता, पीपीएफचा 7.9.

7.
फंडाने यात लपवालपवी केलेली नाही. वाटपाच्या प्रत्येक जाहीरनाम्यात फोड असते : इतके व्याज, इतके लाभांश, इतकी भांडवलाची परतफेड. ती ओळ वाचणारे कमी. विकणाऱ्याने ती वाचून दाखवावी, असं माझं ठाम मत आहे. ज्या घरात पेन्शन नाही तिथे आलेला पैसा सगळा खर्च होतो, आणि आपण मुद्दल खातोय हे कळेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

8.
रस्त्याला मुदत असते. सुरत-दहिसरचं कंत्राट 2009 पासून 12 वर्षांचं. टोलमधला 38 टक्के वाटा आधी महामार्ग प्राधिकरणाला द्यायचा, उरल्यात कर्ज, डागडुजी आणि युनिटधारक. मिळालेली मुदतवाढ धरून 2022 साली रस्ता प्राधिकरणाकडे परत गेला.
दहिसर ते सुरत वाहनं आजही तेवढीच, किंबहुना जास्त. खानिवड्याला फास्टॅग आजही वाजतो. युनिटधारकाला त्यातलं काही येत नाही. आंब्याची बाग भाडेपट्ट्याने घेतली तर शेवटच्या हंगामानंतर झाडं मालकाची, तसं हे आहे. दर हंगामाच्या पैशातून पट्ट्याची रक्कम थोडी थोडी वसूल झाली पाहिजे. बागाईतदाराला हे सांगावं लागत नाही.

9.
मुदत चालू असतानाही टोल थांबतो.
नोटाबंदी : 9 नोव्हेंबर 2016 ते 2 डिसेंबर, राष्ट्रीय महामार्गांवर टोल बंद.
कोविड : मार्च 2020 च्या अखेरीपासून 19 एप्रिलपर्यंत, पुन्हा बंद.

10.
मार्च 2020 मध्ये युनिट तीस रुपयांच्याही खाली गेलं. त्या आठवड्यात घेणाऱ्याला पुढच्या चारेक वर्षांत नुसत्या वाटपातून घातलेले पैसे परत मिळाले, वर भाव दुप्पट. रस्ते तेच, टोल तोच, फंडाची माणसं तीच. म्हणून 'या फंडाचा दीर्घकालीन परतावा किती' या प्रश्नाला मी आधी उलट विचारते : कधी घेतलंत आणि कितीला?

11.
वाटपाला परतावा समजण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. युनिट ट्रस्टच्या मासिक उत्पन्न योजना नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत मुदत ठेवीच्या जोडीने असत. मुदतबंद, परताव्याची हमी, महिन्याला रक्कम. हमी दिली ती व्याजदर चढे असताना. दर उतरले, शेअर पडले, हमी तशीच उरली. युनिट ट्रस्टचीच यूएस-64 ही योजना मुदतबंद नव्हती, पण दुखणं तेच : एके काळी 26 टक्क्यांपर्यंत लाभांश, आणि 2 जुलै 2001 रोजी खरेदी-विक्री गोठली. पुढच्या वर्षी सरकारने सुमारे 14,500 कोटींची तरतूद केली. यूएस-64 च्या युनिटधारकांना 6.75 टक्क्यांचे करमुक्त रोखे मिळाले.
तो भार देशाने उचलला. इन्व्हिटमध्ये कुणाचीही हमी नाही. निदान हे तरी पहिल्या पानापासून स्पष्ट आहे.

12.
जानेवारी 1994. मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंडाच्या अर्जांसाठी रांगा. दहा रुपयांचं युनिट, 15 वर्षं मुदतबंद. पुढे कितीतरी वर्षं बाजारात ते मालमत्तेच्या किमतीहून स्वस्त मिळत राहिलं. धीर सुटलेल्यांनी विकलं, आणि त्यांच्याकडून घेणाऱ्यांना तीच मालमत्ता सवलतीत मिळाली.

13.
लंडनचा फॉरेन अँड कलोनियल हा क्लोज-एंडेड ट्रस्ट 1868 पासून चालू आहे. त्यातल्या मालमत्तेला रस्त्यासारखी परत करायची तारीख नाही. दीडशे वर्षांच्या परताव्याचे तक्ते तिथे काढता येतात. ते बघून टोलरस्त्याच्या युनिटचं भविष्य मांडणं धोक्याचं आहे.

14.
ऑक्टोबर 2024 : मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ. दहिसर त्यातलाच एक.
2025 : दहिसरचा नाका वरसाव्याकडे सरकवण्याची चर्चा, आणि वसईकरांचा विरोध.
वरचे नाके आणि आयआरबीचा फंड यांचा संबंध नाही. पण टोलच्या उत्पन्नावर ज्याचं घर चालतं त्याने या बातम्या वाचाव्यात.

15.
कराचंही बघावं. वाटपातला व्याजाचा भाग तुमच्या उत्पन्नात धरला जातो. परतफेडीचा भाग खरेदी किमतीतून वजा होत जातो, म्हणून युनिट पुढे विकताना नफा मोठा दिसतो. वर्षाचं विवरणपत्र जपून ठेवावं. आठ वर्षांनी सीए तेच मागतो.

16.
वार्षिक अहवाल हातात आला की मी आधी एकच तक्ता काढते : कुठल्या रस्त्याची मुदत कधी संपते. त्यात नावंही नीट वाचावी लागतात : मूळ सहांतला महाराष्ट्रातला दुसरा रस्ता तळेगाव-अमरावती. हे तळेगाव पुण्याजवळचं नाही, वर्धा जिल्ह्यातलं श्यामजीपंतांचं.